उष्णतेचा हिशेब ठेवणाऱ्या तिघी

महाशिवरात्रीला मोहगावच्या अर्धनारीश्वराच्या दर्शनाला जाणे हा आमच्या घरचा जुना रिवाज. सर्पा नदीच्या काठी लागलेल्या त्या लांबलचक रांगेत या वर्षी माझ्याबरोबर माझी भाची होती. पोर अकरावीत, फिजिक्स घेतलेली. घर मराठी, शाळा हिंदी, हे तर आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात घरोघरी आहे. रांग हलेना, म्हणून मी मास्तरकीच्या सवयीने विचारले, "सध्या कोणता धडा चालू आहे?"

"ऊष्मागतिकी, मामाजी."

मराठीत उष्मागतिकी, हिंदीत ऊष्मागतिकी. ऱ्हस्व-दीर्घाचाच काय तो फरक. उष्णतेचे काम कसे होते आणि कामाची उष्णता कशी होते, याचे हे शास्त्र. तिने भराभर नावे म्हणून दाखवली. कार्नो, जूल, केल्विन, क्लॉसियस, बोल्ट्समान. मग थोडी थांबून गाभाऱ्याकडे पाहत म्हणाली, "मामाजी, इथं देवात अर्धी बाई आहे, अन् आमच्या अख्ख्या धड्यात एक बी नाही."

मी हसलो. पण बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवूनही माझ्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते, ही गोष्ट मला घरी येईपर्यंत टोचत राहिली.

ती टोचण पुढे आणखी वाढली. बारावीनंतर पोरीला नागपूरला बी.एस्सी.ला पाठवायचे की नाही, हा विषय घरात निघाला. आमचे भाऊजी कडक माणूस नव्हेत. संत्र्याची बाग, थोडा कापूस, आणि दोन बहार हातचे गेल्याने आलेली काटकसर. ते एवढेच म्हणाले, "पोरीले फिजिक्स शिकून का करा लागते? इथंच बी.ए. करू दे, पुढं बी.एड. करन." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड होते. रागाला उत्तर देता येते. 'कोण बाई गेली आहे त्या वाटेने?' या साध्या शंकेला मात्र नावे सांगावी लागतात.

ती नावे शोधायला मी बसलो. आश्चर्य असे की शोधाचा धागा आपल्या नागपूरच्या वाटेवरूनच निघाला.

वाफ, कापूस आणि एक संस्था

उष्णतेचे शास्त्र जन्मले ते वाफेच्या इंजिनापोटी. एवढा कोळसा जाळला तर त्यातून जास्तीत जास्त काम किती काढता येईल, असा प्रश्न सादी कार्नो या तरुण फ्रेंच इंजिनियरने १८२४ साली आपल्या छोट्याशा पुस्तकात मांडला. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत त्यातूनच दोन मोठे नियम निघाले. पहिला असा की ऊर्जा नाहीशी होत नाही, ती फक्त रूप बदलते. दुसरा असा की उष्णता आपण होऊन उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते, आणि म्हणून सगळ्या उष्णतेचे काम कधीच करून घेता येत नाही. थोडी वाया जाणारच. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पहिला नियम जमाखर्चाचा, दुसरा घसाऱ्याचा.

वाफेचे हे युग आपल्या मुलखाने जवळून पाहिले आहे. नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन २०१५ च्या अखेरीस बंद होईपर्यंत सौंसरवरून धावत होती. तिचे कोळशावरचे इंजिन आठवणारी माणसे आजही गावोगाव आहेत. जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातला पेंच-कन्हान खोऱ्यातला कोळसा आणि आसपासचा कापूस, या दोन्हींचा ओढा नागपूरकडे. जमशेटजी टाटांनी आपली मोठी कापडगिरणी मुंबईला न काढता नागपूरला काढली ती कापसाचा मुलूख आणि रेल्वे जवळ म्हणून. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. टाटांची संपत्ती ज्या धंद्यांतून उभी राहिली त्यांत या गिरणीचा वाटा मोठा. त्याच संपत्तीतून उच्च विज्ञानासाठी एक संस्था काढावी असे त्यांनी मनात धरले. ते १९०४ साली वारले; संस्था १९०९ साली बंगलोरला स्थापन झाली. लोक तिला 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणत. आजचे नाव भारतीय विज्ञान संस्था.

आता पुढची गोष्ट या एका संस्थेच्या दाराभोवती फिरते.

पण त्याआधी भाचीच्या धड्याला एक पुरवणी. पुस्तकात बाया नसल्या तरी इतिहासात होत्या. १७३८ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 'अग्नीचे स्वरूप' या विषयावर निबंध मागवले होते. व्हॉल्तेर त्यासाठी प्रयोग करत होता. त्याच घरात एमिली द्यु शातले ही विदुषी रात्री जागून, त्याला कळू न देता, स्वतःचा निबंध लिहीत होती. बक्षीस दोघांनाही मिळाले नाही, पण अकादमीने दोघांचे निबंध छापले. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट या बाईने काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापते आणि निवायलाही वेळ लावते, हे थर्मामीटरने दाखवले. तिचा लेख विज्ञान परिषदेत वाचला गेला तो एका पुरुष प्राध्यापकाच्या तोंडून. आज जगाच्या तापमानवाढीची जी चर्चा चालते, तिचे एक मूळ त्या नळीत आहे. तिचे नाव मात्र दीडशे वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. तात्याना अफानास्येवा या रशियन गणितज्ञेने पती पॉल एरनफेस्ट यांच्यासह उष्णतेच्या सांख्यिकीय पायावर मोठा ग्रंथलेख लिहिला. पण जर्मनीत शिकत असताना गटिंगेनच्या गणित मंडळात तिला बाई म्हणून बसू देत नव्हते, आणि तो नियम बदलून घ्यायला एरनफेस्टना भांडावे लागले होते.

तेव्हा दार बंद असणे ही काही आपलीच खासियत नव्हती. आपल्याकडे ते कसे उघडले, हे मात्र आपण आपल्या मुलींना सांगायला हवे.

इंदूरची कमला आणि बंगलोरचे दार

कमला भागवत ही मूळ इंदूरच्या घरातली मुलगी. दुर्गाबाई भागवत मराठी वाचकाला सांगायला नकोत. कमला ही त्यांची धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, टाटा इन्स्टिट्यूटच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. १९३३ साली कमला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने पास झाली आणि वडील-काकांच्या वाटेने जावे म्हणून तिने बंगलोरला अर्ज केला. त्याच वर्षी सर सी. व्ही. रमण तिथे संचालक झाले होते. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच: मुलगी.

रमण म्हणजे नोबेल पारितोषिकाचे मानकरी. आपल्याकडची मुले १९९२ पासून नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात सहलीला जातात. तरुणपणी सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत रमण काही काळ नागपुरातच होते. एवढ्या मोठ्या माणसाला नाही म्हणायला एकवीस-बावीस वर्षांची मुलगी बंगलोरला जाऊन उभी राहिली. काळ गांधीजींच्या सत्याग्रहाचा होता, आणि तिने पवित्राही तोच घेतला. मार्क चांगले असताना केवळ स्त्री म्हणून नाकारण्याचे कारण सांगा, नाहीतर मी इथून जाणार नाही. अखेर रमण यांनी प्रवेश दिला तो अटींवर. पहिले वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव नाही. गुरू सांगतील तर रात्रीसुद्धा काम करावे लागेल. आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये.

तिने अटी मान्य केल्या. अपमान मात्र ती विसरली नाही. उतारवयातही कमलाबाई तो बोलून दाखवीत. वर्षभरात तिचे काम पाहून रमण यांचे मत बदलले. तिला रीतसर प्रवेश मिळाला आणि तिच्या मागून येणाऱ्या मुलींसाठी ते दार किलकिले झाले. गुरू श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली तिने दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले आणि एम.एस्सी. झाली. तिथून ती केंब्रिजला गेली.

केंब्रिजला तिने जे शोधले त्याचा उष्णतेच्या हिशेबाशी जवळचा संबंध आहे. १८० ग्रॅम ग्लुकोज विस्तवात जाळले तर सुमारे ६७० किलोकॅलरी उष्णता मिळते. आपल्या शरीरातही तीच साखर शेवटी तेवढीच ऊर्जा देते, कारण पहिला नियम कोणाला सुटत नाही. पण ती सगळी उष्णता एका झटक्यात सुटली तर पेशी करपून जाईल. म्हणून सजीवाने युक्ती केली आहे. धरणाचे पाणी एकदम न सोडता पाटातून, चारीतून, वाफ्यावाफ्याने नेतात, तशी ही ऊर्जा पायरीपायरीने उतरवली जाते. त्या पायऱ्यांपैकी एक पायरी म्हणजे 'सायटोक्रोम सी' नावाचे प्रथिन. प्राण्यांच्या शरीरात ते असते हे ठाऊक होते. बटाट्यावर काम करता करता कमलाबाईंना ते वनस्पतीच्या पेशीतही आढळले. म्हणजे माणूस आणि बटाटा श्वासाची ऊर्जा उतरवतात ती एकाच जातीच्या जिन्याने! १९३९ साली केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. प्रबंध होता अवघ्या चाळीस पानांचा.

त्या लगेच मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था. डाळी, भात आणि गरीब घरांतल्या आहाराचे पोषणमूल्य हा त्यांचा पुढचा विषय. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. १९९८ साली त्या वारल्या. महाराष्ट्रात त्यांचे नाव थोडेफार घेतले जाते. ज्या माळव्यात त्या जन्मल्या तो ज्या राज्यात आहे, त्याच राज्यातल्या आपल्या शाळांत मात्र ते मी कधी ऐकले नाही.

सिमला ऑफिसातली मोजमापे

सात वर्षांनी, १९४० साली, त्याच संस्थेच्या दारातून आत आली अण्णा मणी. जन्म १९१८, त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडचा. वडील इंजिनियर, घरचे वेलदोड्याचे मळे. मुलींना वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या द्यायच्या अशी घरची रीत. आठव्या वाढदिवसाला या पोरीने कुड्या परत केल्या आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले. पुढे तिची हिऱ्याशी गाठ पडली ती रमण यांच्या प्रयोगशाळेत: हिरा आणि माणिक प्रकाशाला कसा प्रतिसाद देतात, हा तिचा अभ्यास. एकेक छायाचित्र उमटायला पंधरा-पंधरा, वीस-वीस तास लागत. ती रात्र रात्र प्रयोगशाळेत काढी. पुरुष आणि स्त्री विद्यार्थ्यांनी आपसात मिसळू नये, हा रमण यांचा दंडक तेव्हाही होताच. पाच शोधनिबंध तिने एकटीच्या नावावर लिहिले आणि १९४५ साली प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे पाठवला. विद्यापीठाने एम.एस्सी. नाही या कारणाने पीएच.डी. नाकारली. तो बांधीव प्रबंध बंगलोरच्या रमण संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात राहिला. पदवी अण्णा मणींना कधीच मिळाली नाही.

त्या खचल्या नाहीत. शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन हवामानाची उपकरणे शिकल्या आणि १९४८ साली पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. शिवाजीनगरची ती दगडी इमारत पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणून ओळखतात, कारण हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून तिथे आले. स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी साधा तापमापक, वाराकुंडी किंवा पर्जन्यमापकसुद्धा आपल्याला परदेशातून आणावा लागे. अण्णा मणींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे नकाशे पक्के केले, ती इथेच बनवायला घेतली आणि एकाचे माप दुसऱ्याशी ताडून पाहण्याची शिस्त लावली. त्यांच्या हाताखाली शंभरावर पुरुष काम करीत. चुकीचे माप घेण्यापेक्षा माप न घेतलेले बरे, अशी त्यांची धारणा. हे वाक्य प्रत्येक पटवाऱ्याच्या आणि प्रत्येक मास्तराच्या टेबलावर लावण्यासारखे आहे.

त्यांचे सर्वांत मोठे काम सूर्याच्या उष्णतेचे. पृथ्वीवरचे सारे वारे, सारे ढग, सारा पाऊस हे सूर्याच्या उष्णतेवर चालणारे एक प्रचंड इंजिन आहे. पण इंजिनात कोळसा किती पडतो हेच माहीत नसेल, तर कार्नो तरी काय करणार? १९५७-५८ हे 'आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष' म्हणून जगभर पाळले गेले. त्या निमित्ताने अण्णा मणींनी देशात ऊन मोजण्याच्या केंद्रांचे जाळे उभारले. उपकरणाचे तत्त्व सोपे. काचेच्या घुमटाखाली एक काळी चकती असते. ती उन्हाने तापते. तापलेला भाग आणि थंड भाग यांत दोन वेगळ्या धातूंचे सांधे असतात, आणि त्या तापमानाच्या फरकाने बारीकशी वीज निर्माण होते. वीज जितकी, तितके ऊन. हे उपकरण पुण्यातच बनू लागले.

त्या केंद्रांत आपले नागपूरही आहे. अण्णा मणी १९७६ साली हवामान खात्याच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. १९८० आणि १९८१ साली भारतातल्या सौर प्रारणावरचे त्यांचे दोन मोठे ग्रंथ निघाले. त्यांत श्रीनगरपासून मिनिकॉयपर्यंतच्या ठिकाणांबरोबर नागपूरच्या उन्हाचे तासातासाचे आकडे आहेत. आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर एक चौरस मीटर जागेवर रोज सुमारे पाच युनिट विजेइतके ऊन पडते. आज आपल्या बागांतून सौर पंप दिसतात. किती अश्वशक्तीच्या पंपाला किती पट्ट्या लागतील, हे गणित या जातीच्या आकड्यांवरच बसते. त्या आकड्यांची परंपरा जिने घातली, ती बाई २००१ साली तिरुवनंतपुरमला वारली. तिच्या नावापुढे डॉक्टर ही पदवी नव्हती.

समुद्राची उष्णता आणि आपला मृग

तिसरी बाई पुण्याची. सुलोचना गाडगीळ, माहेरच्या फाटक. जन्म १९४४. फर्ग्युसन कॉलेजात शिकून, पुणे विद्यापीठातून गणितात एम.एस्सी. करून त्या पती माधव गाडगीळ यांच्यासह हार्वर्डला गेल्या आणि १९७० साली तिथून पीएच.डी. झाल्या. अमेरिकेत राहणे सहज शक्य असताना दोघे १९७१ साली परत आले. सुलोचनाबाईंनी पुण्याच्या उष्णदेशीय मोसमविज्ञान संस्थेत दोन वर्षे काढली, आणि १९७३ साली दोघेही बंगलोरच्या त्याच विज्ञान संस्थेत शिकवायला रुजू झाले. जिथे चाळीस वर्षांपूर्वी एका मराठी मुलीला रात्रीच्या कामाची अट घालून आत घेतले होते, तिथे दुसरी मराठी मुलगी अध्यापक म्हणून गेली. पुढे १९८२ साली तिथे वातावरणशास्त्राचे स्वतंत्र केंद्र निघाले, त्याच्या जडणघडणीत त्या होत्या.

त्यांचा विषय मान्सून. आपण शाळेत शिकवतो, आणि मीही शिकवले, की उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र त्या मानाने थंड राहतो, म्हणून समुद्रावरून वारे येतात आणि पाऊस पडतो. ही कल्पना एडमंड हॅलेने १६८६ साली मांडलेली. सुलोचनाबाईंनी तिच्यावर एक साधी शंका घेतली, जी आपल्या कोणत्याही शेतकऱ्याला पटेल. जमीन सर्वांत जास्त तापते ती मे महिन्यात. मग पाऊस मे महिन्यात का पडत नाही? आणि दुष्काळी साली जमीन चांगल्या पावसाळ्यापेक्षा अधिक तापलेली असते. तापण्यानेच पाऊस येत असता, तर दुष्काळात तो जास्त यायला हवा होता!

उपग्रहांची ढगांची चित्रे मिळू लागली तेव्हा त्यांनी आणि डी. आर. सिक्का यांनी ती दिवसामागून दिवस तपासली. १९८० साली त्यांनी दाखवून दिले की विषुववृत्ताजवळ जगभर फिरणारा जो ढगांचा पट्टा आहे, तोच पावसाळ्यात आपल्या डोक्यावर सरकून येतो. तो एकदा येऊन बसत नाही. समुद्रावरून पुन्हा पुन्हा नवे पट्टे उत्तरेकडे सरकत येतात. दोन पट्ट्यांमधले अंतर वाढले की आपल्याकडे उघडीप पडते, आणि भाऊजींच्या कपाळावर आठ्या.

मग हे ढग समुद्रावर कशाने उठतात? इथे पुन्हा उष्णतेचा हिशेब आला. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. समुद्र ती उन्हातून घेतो, आणि वाफ वर जाऊन तिचे पुन्हा पाणी झाले की ती उष्णता हवेला परत मिळते. हवा आणखी तापते, आणखी वर चढते, खालून आणखी ओलसर हवा ओढते. एक एकर रानावर एक इंच पाऊस पडतो तेव्हा वर ढगात किती उष्णता सुटलेली असते? मी हिशेब करून पाहिला: सुमारे सत्तर हजार युनिट विजेइतकी. एका एकराची, एका इंचाची ही गोष्ट. वाफेचे इंजिन म्हणायचे तर हेच.

हे इंजिन कधी पेट घेते, याची खूण सुलोचनाबाईंनी पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह १९८४ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात मांडली. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २८ अंशांखाली असेल तर ढगांचे मोठे समूह तिथे क्वचितच उभे राहतात. २८ च्या वर गेले तर उभे राहू शकतात. राहतीलच असे नाही. म्हणजे २८ ही अट आहे, हमी नव्हे. संशोधनात खरेपणा कशाला म्हणतात, तो या 'हमी नव्हे'मध्ये आहे. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हेही दाखवले की प्रशांत महासागरातल्या एल निनोइतकेच आपल्या हिंदी महासागरावरच्या ढगांच्या आणि वाऱ्यांच्या झोक्याकडेही पाहिले पाहिजे.

त्या कागदावरच थांबल्या नाहीत. कर्नाटक-आंध्रच्या सीमेवरच्या कोरडवाहू भुईमुगाच्या पट्ट्यात जाऊन, शेतकऱ्यांशी बसून, अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदींवरून कोणत्या सुमारास पेरले तर पीक बुडण्याचा धोका कमी, याचा अभ्यास त्यांनी केला. शेतकऱ्याला शिकवायला जाण्याआधी त्याच्याकडून शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. २००६ साली, अर्थतज्ज्ञ सिद्धार्थ नव्हे तर शास्त्रज्ञांच्याच घरातून, सुलोचना आणि सिद्धार्थ गाडगीळ यांनी मिळून देशाच्या उत्पन्नाचा हिशेब मांडला: मोठा दुष्काळ आजही देशाच्या एकूण उत्पन्नाचे दोन ते पाच टक्के नुकसान करतो, आणि चांगल्या पावसाने होणारा फायदा त्या मानाने कमी असतो. म्हणजे पाऊस बुडाला तर बुडतेच. बरसला तर तितके तरत नाही. हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको, पण आकड्यांत सांगितले की दिल्लीला ऐकू जाते. २०२५ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, सुलोचनाबाई गेल्या.

पोरीची वही

या तिघींच्या नावापुढे उष्मागतिकीची पाटी लावता येणार नाही, हे मी कबूल करतो. एक जीवरसायनाची, दुसरी उपकरणांची, तिसरी मान्सूनची. पण धड्यातले नियम ज्या ठिकाणी खरे राबतात, म्हणजे पेशीत, उन्हात आणि ढगात, तिथे जाऊन या तिघींनी हिशेब ठेवला. आणि तिघींना जोडणारे दार एकच: १९३३ ला अडवलेले, १९४० ला अर्धवट उघडलेले, १९७३ ला अध्यापिकेसाठी उघडलेले. नागपूरच्या गिरणीशी ज्याचे नाते आहे, असे ते दार आपल्याला परके का वाटावे? १९५६ साली प्रांत फेरले, नागपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. २०२३ साली आपला पांढुर्णा जिल्हाही वेगळा झाला. सीमा अशा सरकत राहतात. पोरींची वाट सीमेपाशी अडू नये एवढेच.

मृगाच्या आधी एका संध्याकाळी बागेत बसून हे सगळे मी भाऊजींना सांगितले. कमलाबाईंचा सत्याग्रह त्यांनी शांतपणे ऐकला, मणीबाईंच्या हिऱ्याच्या कुड्यांवर हसले. पण २८ अंशांची गोष्ट आली तेव्हा सावरून बसले.

"मंग त्या बाईले आधीच समजे, का मृग साधन का नाही?"

"नाही भाऊजी, पुरते नाही. पण ज्यांना थोडे समजते, त्यांना ते अशाच बायांच्या कामामुळे समजते."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नागपूरले होस्टेल कितीले पडते?"

अजून काही ठरले नाही. बारावी व्हायची आहे, आणि यंदाचा बहार हाती यायचा आहे. पण भाचीने एक गोष्ट केली. नागपूरहून पर्जन्यमापक आणून बागेच्या मोकळ्या कोपऱ्यात, झाडांपासून दूर, मापाने जमिनीत बसवला. पावसाळाभर रोज सकाळी साडेआठला ती त्यातले पाणी मोजून वहीत मिलिमीटरमध्ये लिहीत होती. तारीख, आकडा, पुढे सही. पाऊस नसला की शून्य. जागा कोरी सोडायची नाही, हे तिला मणीबाईंकडून मिळालेले.

श्रावणात मी त्यांच्याकडे गेलो तर ओसरीवर शेजारचे दोघे-तिघे बसलेले. रात्री पाऊस झाला होता. कोणी म्हणे दोन इंच, कोणी म्हणे तीन. भाऊजींनी घरात तोंड करून हाक मारली, "बाई, आण ओ तुई वही. किती झाला ते सांग यायले."